थोरदीसचा परवाना

एकतीस वर्षं थोरदीसनं उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या आकुरेरी गावाच्या आसपासच्या वाड्यांवरची पोरं शाळेच्या बसमधून नेली-आणली. सत्तावन्नाव्या वर्षी ती गावच्या फ्लाइंग क्लबात जाऊन उभी राहिली. "मला विमान शिकायचंय."

शिकवायला आला स्नायब्योर्न. लहानपणी याच पोराला तिनं बसमध्ये शंभरदा दटावलं होतं, "खाली बस!" तो हसून म्हणाला, "आता तू बस. पट्टा लाव."

डॉक्टरांनी डोळे, कान, छाती सगळं तपासलं आणि चष्म्याची दुसरी जोडी कायम जवळ ठेवायची अट घातली. मग लेखी परीक्षा, तीही नऊ विषयांची. आठ सुटले, हवामानात नापास! जन्मभर हिमवादळांत बस हाकलेली बाई हवामानात नापास, म्हणून अख्खं गाव खो खो हसलं. तीही हसली आणि पुन्हा पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या खेपेला सुटली.

सतरा तास उडून झाल्यावर एका सकाळी विमान टेकताच स्नायब्योर्न म्हणाला, "कडेला घे. माझा स्टॉप आला."

"म्हणजे?"

"मी उतरतो. तू एक फेरी मारून ये."

शेजारची खुर्ची रिकामी झाली. तिनं पट्टा पुन्हा आवळला. एका माणसाचं ओझं कमी झालेलं विमान सुळकन वर गेलं, आणि खाडीवर पोचताच ती मोठ्यानं गायलाच लागली. परतल्यावर क्लबातल्यांनी पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणं तिच्यावर बादलीभर गार पाणी ओतलं.

परवान्याला लागणारे पंचेचाळीस तास भरले. एकटीनं दोन परक्या धावपट्ट्यांवर उतरून येणंही झालं. उरली शेवटची परीक्षा. परीक्षक ग्विद्नी, मोजकं बोलणाऱ्या. वर गेल्यावर त्यांनी इंजिनाचा जोर एकदम काढून घेतला. "बंद पडलं समज. कुठं उतरशील?"

"त्या कुरणात नको, चर खणलेत. ते पुढचं खडकाळ. पलीकडं गवत कापलंय ना, तिथं. त्या वाडीची मालकीण कॉफीसुद्धा पाजेल."

ग्विद्नी पहिल्यांदाच हसल्या. "पास."

परवाना हाती आला तेव्हा पहिला प्रवासी नवरा, हाल्ग्रीमुर. खाडीच्या तोंडापर्यंत त्यानं डोळे घट्ट मिटले होते. "अरे, देवमासा!" ती ओरडली, तसे त्यानं उघडले. खाली पांढरा फवारा उडत होता.

"अजून एकदा वळव ना गं," तो म्हणाला.

तिनं वळवलं.