डावा अजून उतरला नाही

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मी दुकानातल्या आरशासमोर टेप घेऊन उभी राहिले. खांद्यापासून टोकापर्यंत माप घेतलं, आधी उजवीकडचं, मग डावीकडचं. डावीकडे दीड इंच कमी भरलं. टेप घसरला असेल म्हणून पुन्हा घेतलं. दीडच इंच. डावा स्तन उजव्यापेक्षा वर चढून बसला होता, मिरवणूक बघायला टाचा उंचावलेल्या बाईसारखा. उजवा मात्र आरामात होता, आणि जरा जास्तच गुबगुबीत दिसत होता.

सोनईत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. सोळा वर्षं मी गल्लीतल्या, गावातल्या, लग्न होऊन लांब गेलेल्या बायकांची मापं घेतेय. माझं स्वतःचं माप मात्र लग्नाआधी जे होतं ते दोन मुलं पाजून झाल्यावर त्याहून कमी झालं. मी पहिल्यापासून ब्लाउजमध्ये कप टाकून काम भागवत आले होते, आणि ते उत्तम भागत होतं. मग बेलापूरला मामेबहिणीच्या हळदीत मी नाचले आणि उजव्या बाजूचा कप सरकत सरकत काखेत गेला. एक लांबची काकू मला बाजूला घेऊन गेली, काखेला हात लावला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, पोरी, ही गाठ आहे, आजच्या आज डॉक्टरला दाखव. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो, सहसा हसत नाही, पण त्या दिवशी पोट धरून हसला. मीही हसले. मग एकटीच हसायची थांबले आणि त्याला म्हटलं की मला छाती भरून घ्यायचं ते ऑपरेशन करून घ्यायचंय. दुकानाच्या कमाईतून करते, तुम्ही फक्त सोबत या. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “फार दुखणार नाही ना, एवढं विचारून घे.”

तर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे ऑपरेशन झालं. मुलं दोन्ही हॉस्टेलला, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न गल्लीचा आणि सासूबाईंचा होता. त्यांना मी आत्या म्हणते. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगायची कल्पना नवऱ्याच्या डोक्यातून निघाली. त्याचं म्हणणं, आपल्या गल्लीत निम्म्या लोकांचे खडे काढून झालेत, त्यामुळे कोणी फार चौकशी करणार नाही. हा त्याचा अंदाज साफ चुकला. ज्यांचे खडे निघालेत तीच माणसं सगळ्यात जास्त चौकशी करतात.

आत्यांनी खडे मान्य केले आणि माझं तेलकट बंद केलं. ज्याला पित्ताचं काहीच झालेलं नाही अशा माणसाने दहा दिवस मुगाच्या डाळीचं पाणी पिणं ही शिक्षाच होती. पण खोटं मीच बोलले होते, त्यामुळे गुपचूप पीत होते.

डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे हात डोक्यावर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही, ताण पडेल असं काम करायचं नाही, असं बजावलं होतं. पण लग्नसराई होती. नवव्या दिवशी मी हळूच खाली उतरले आणि मोठ्या कात्रीने अस्तर कापायला बसले. कापणं म्हणजे काही उचलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. दोन दिवसांत चौदा ब्लाउज कापले. आणि अकराव्या दिवशी आरशासमोर तो दीड इंच.

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल ठरला होता. मी दुकानातल्या ट्रायलच्या पडद्याआड स्टुलावर बसले आणि मोबाईल टेकवून ठेवला. त्यांनी समोरून बघितलं, बाजूने बघितलं. सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही. डावीकडचा स्नायू अजून घट्ट आहे, तो सैल होईल तसा तो भाग खाली येईल. दोन्ही बाजू एकाच दिवशी जागेवर बसतील असं नसतं. मग त्या स्क्रीनजवळ आल्या. उजवीकडची सूज मात्र त्यांना जरा जास्त वाटत होती. उजव्या हाताने काही काम केलंत का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही हो, नुसती पडून आहे.

पडदा सरकला. आत्या उभ्या होत्या, हातात मुगाचं पाणी.

“खोटं बोलती ती,” त्या मोबाईलकडे बघत म्हणाल्या. “तीन दिवस झालं कात्री चालवती.”

मी जे हाताला लागलं ते अंगावर ओढलं. ते कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजचं अस्तर होतं आणि त्याने काहीच झाकलं जात नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं की या कोण. आत्यांनी स्वतःच सांगितलं की सासू. मग भांडं खाली ठेवून त्या पुढे वाकल्या.

“डाक्टरीणबाई, तो डावा खाली येनार का असाच ऱ्हानार?”

पुढची पाच मिनिटं त्या दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या आणि मी स्टुलावर अस्तर धरून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं की तीन महिने तरी जाऊ द्या, तोवर वरखाली दिसेल, त्यावरून काही ठरवायचं नाही. पण एकाच बाजूला एकदम सूज वाढली, लाल झालं, ताप आला, तर वाट न बघता फोन करायचा. आत्यांनी बोटांवर मोजत सगळं पाठ केलं आणि कॉल मीच बंद करावा म्हणून माझ्याकडे बघितलं.

कॉल बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, “पित्ताची पिशवी छातीत असती व्हय?”

मी गाउनची बटणं लावायला लागले. त्या म्हणाल्या की घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मला उठवून बसवलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. “मानूस दवाखान्यातून येतंय ते वाळून येतंय. तू भरून आली.”

मग मला मुगाचं पाणी कशाला पाजलं, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असेल. त्या म्हणाल्या, तू खडे म्हणालीस, मी खड्यांचं पथ्य केलं. तू खरं सांगितलं असतंस तर शिरा केला असता. तेवढं बोलून त्यांनी माझी मोठी कात्री उचलली आणि वर नेऊन ज्वारीच्या कोठीत पुरली. कोठी भरलेली होती. माझ्या हातांना जे करायची बंदी होती त्याशिवाय ती कात्री निघणार नव्हती.

त्या दिवसापासून खोटं बोलायचं खातं आत्यांकडे गेलं, आणि त्या माझ्यापेक्षा कितीतरी सरस निघाल्या. समोर दूध डेअरी चालवणारी वहिनी भेटायला आली, तिला टाके बघायचे होते. आत्यांनी सांगितलं, दुर्बिणीतून केलं, टाके दिसत नाहीत. वहिनीची नजर माझ्या गाउनवर डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे फिरली. आत्या लगेच म्हणाल्या की औषधाची सूज आहे, ही एकाच अंगाला जास्त येते. वहिनीने मान डोलावली, तिच्या दिरालाही अगदी तशीच आली होती म्हणे. तरी तिचं समाधान होईना, खडे दाखवा म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. आत्या आत गेल्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत चार खडे घेऊन आल्या. वहिनीने बाटली उजेडाकडे धरून हलवून बघितली आणि हळहळली, एवढं पोटात घेऊन ही बाई शिवणकाम करत होती. ते खडे सकाळीच निवडलेल्या तुरीच्या डाळीतले होते.

दर शनिवारी मी न्हाऊन आले की आत्या तपासणी करायच्या. हात लावायच्या नाहीत, लांबूनच बघायच्या, भिंत ओळंब्यात आहे का हे गवंडी बघतो तसं. “डावा अजून उतरला न्हाई,” एवढंच म्हणायच्या, किंवा “जरा हालला,” आणि चहा ठेवायला जायच्या. तिसऱ्या शनिवारी उजव्याची सूज उतरली. डावा मात्र अर्ध्या इंचाने खाली येऊन थांबला तो थांबलाच. चौथ्या शनिवारी मी टेप लावला आणि पुन्हा तेवढंच माप आलं. मी पलंगावर बसून रडायला लागले. एवढं सगळं करून, लपवून, मी स्वतःचं हसं करून घेतलं असं वाटत होतं. कप तरी दोन्ही सारखे होते.

आत्यांनी दार लोटलं, माझ्यासमोर बसल्या आणि पदर बाजूला केला.

“हे बघ. माझा उजवा चाळीस वर्षं झाली खाली हाय.”

थोरल्याच्या वेळी त्यांच्या डाव्या बाजूला गळू झालं होतं. त्यानंतर त्या बाजूने दूध आलंच नाही, तिन्ही पोरं एकट्या उजव्यावर वाढली. माझा नवरा तिसरा, आणि सगळ्यात हावरा तोच होता, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी डोळे पुसले आणि बघितलं. चांगला दोन इंच फरक होता. सोळा वर्षं या बाईचे ब्लाउज मी शिवत होते आणि मला माहीत नव्हतं, कारण त्या दरवेळी जुना ब्लाउज मापाला द्यायच्या आणि मी त्यावरूनच कापायचे. डावीकडे पोकळ राहतं हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, “सून हाय तू. कसं सांगू?”

मी त्यांचं माप घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. हात खांद्याच्या वर न नेता जमेल तसं घेतलं, बाकीचा टेप त्यांनीच धरला. गुदगुल्या होतात म्हणून त्या मध्येच हसत होत्या. कात्रीसाठी नवऱ्याला कोठी उपसायला लावली. कशासाठी हवीय हे आम्ही त्याला सांगितलं नाही, आणि ज्वारी पुन्हा भरताना तो जे पुटपुटला ते आम्ही ऐकलं नाही. सहा आठवडे पुरे झाल्यावर मी पहिला ब्लाउज कापला तो आत्यांचा. डावी कटोरी लहान, उजवी मोठी आणि तिचा टक, म्हणजे शिवलेली चुणी, खाली. घालून त्या आरशासमोर बराच वेळ तिरप्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की अजून दोन शिव, एक हिरवा.

चौथ्या महिन्यात तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा त्या माझ्याबरोबर आल्या, नवऱ्याला घरीच ठेवलं. तोवर डावा उतरला होता. एका सकाळी अंघोळ करताना मला जाणवलं की दोन्हीकडे साबण सारखाच घसरतोय, आणि मी बाथरूममधूनच आत्यांना हाक मारली होती. डॉक्टरीणबाईंनी सगळीकडून बघितलं, दोन्ही बाजू मोजल्या आणि सांगितलं की आता जागेवर आहेत. बोटभर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा फरक राहिलाय, तो कदाचित तसाच राहील, कदाचित अजून कमी होईल. तेवढ्याचा मला त्रास वाटतो का, असं त्यांनी विचारलं.

मी आत्यांकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या चित्रातल्या बाईच्या दोन्ही बाजू बारकाईने तपासत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, ब्लाउज मीच शिवते.