चिंबोरीच्या मिश्या

यमुनाबाई तांडेल यांची आणि माझी पहिली ओळख एका भांडणाने झाली. मी चौथीत होते आणि बाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. विषय होता 'माझे कुटुंब'. मी बाबांना कागदभर काढलं आणि आईला कोपऱ्यात, चुलीपाशी. बाईंनी कागद उचलला. "तुजी आई नंदाखालवरनं केल्यांच्या पाट्या घेऊन बाजाराला जाते ना गो? मंग इथं चुलीम्होरं कोनी बसवली तिला?" मी रडले. बाईंनी माझे डोळे पुसले, पण चित्र पुन्हा काढायला लावलंच.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवसमितीने मला पत्रातून सुचवलं आहे की, गौरव अंकात त्यांच्या 'सोशिक आणि मायाळू स्वभावावर' लिहावं. मायाळू त्या आहेतच. पण सोशिक? समितीतल्या एकानेही बाईंना कधी जवळून पाहिलेलं नाही, असं मी लेखी सांगते.

दर शनिवारी बाई शाळेच्या टीव्हीवर आम्हांला कार्टूनचे सिनेमे दाखवायच्या. मध्येच सिनेमा थांबवून पडद्यावरच्या आईकडे, नाहीतर राजकन्येकडे बोट दाखवायच्या आणि विचारायच्या, "ही शेवटची कधी बोलली?" आम्ही आठवू लागायचो आणि आठवायचं काहीच नाही. नायक मुलगा, त्याचा मित्र मुलगा, घोडा, कुत्रा, पोपट, झाडावरचं माकडसुद्धा पुरुषाच्या आवाजात बडबडत असे. आई सुरुवातीला डबा द्यायची आणि शेवटी डोळे पुसायची. आम्हांला तो खेळ वाटे. बाईंना मात्र खरोखर संताप यायचा, आणि तो संताप त्यांनी आम्हांला वारशात दिला.

तरीही मी माती खाल्लीच. मोठी होऊन मी ॲनिमेशन शिकले, सातिवलीत एका गोदामाच्या माळ्यावरच्या स्टुडिओत लागले. तिथलं काम म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलाची गोष्ट, सहकुटुंब पाहायचा सिनेमा. संहितेत त्याचा दोस्त होता 'खेकडा'. मी त्याला झुपकेदार मिश्या काढल्या आणि मोठ्या हौसेने चित्रं घेऊन अर्नाळ्याला बाईंच्या घरी गेले. बाई मासळी साफ करत होत्या. हात न धुताच वाकून बघितलं.

"ही चिंबोरी हाय ना गो? मंग हिला मिश्या कोनी लावल्या?"

घरीदारी खेकड्याला आम्ही सगळे चिंबोरीच म्हणतो, 'ती' म्हणतो. कागदावर आली आणि तिचा 'तो' झाला, तेही माझ्या हातून. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकांना सांगितलं, ही मुलगी करू या. ते म्हणाले, "मुलींचे सिनेमे मुलगे बघत नाहीत." मी हटले नाही, तेव्हा म्हणाले, "बरं, मग पापण्या लाव, ओठ लाल कर, आणि डायलॉग कमी कर. हिरोला चिडवायला बरी पडेल." मी ते करणार नाही म्हटलं. आठवड्याभरात माझं टेबल दुसऱ्याला मिळालं. सिनेमा आला तो मिश्यांसकट. आमच्या वसई-विरारच्या पोरींनी आईबापांबरोबर बसून तो पाहिला, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा राग मला अजून येतो.

काम गेल्याचं कळल्यावर बाई दोन रिक्षा बदलून माझ्या घरी आल्या, हातात चिंबोऱ्यांच्या कालवणाचा डबा. "माज्या तोंडापायी तुजं काम गेलं," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. बाईंना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मग डबा पुढे सरकवला. "खा. चिंबोरीला पापन्या नसतात, नांग्या असतात. आता तू तुजी काढ." मी काढते आहे. मिळेल ते काम करून उरलेल्या वेळात काढते आहे, आणि तिचा आवाज बाईंचाच आहे.

हे लिहीत असतानाच समारंभाची कार्यक्रमपत्रिका आली. पाच वक्ते, पाचही पुरुष. अगदी शेवटी, आभारांच्या आधी, बारीक अक्षरात: 'सत्कारमूर्तींचे मनोगत (वेळ उरल्यास).' पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना शाल, नारळ द्यायचा आणि वेळ उरला तर बोलू द्यायचं! हा सिनेमा मी चौथीपासून बघते आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो. गुडघे कुरकुरत असले तरी आवाज असाच खणखणीत राहो, आणि शंभरीच्या समारंभाची पत्रिका बाईंनी स्वतः लिहावी. या समारंभाला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. समितीने माईक आधी बाईंकडे दिला तर उत्तम. नाहीतर तिसरे वक्ते उठले की मीही उठणार आहे आणि भर सभागृहात, बाईंच्या मानाला शोभेल अशा आदरार्थी बहुवचनात विचारणार आहे: "या शेवटच्या कधी बोलल्या?"