मुठीने मोजलेली बदकं

शनिवार, जानेवारीतला तिसरा. सकाळी सव्वासहा. ठिकाण: उम्म अल कुवैनच्या पुढचं कुंपण घातलेलं संरक्षित पाणथळ, फाटक क्रमांक दोन.

हजर: मी. माझे वडील अप्पा, वय एक्याऐंशी, व्हिजिट व्हिसावर. माझी मुलगी, वय एकोणीस, नाइलाजाने. आमच्या टीमलीडर, शारजातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या केरळच्या बाई.

गैरहजर: नवरा. कारण, त्याच्याच शब्दांत: "बदकं सुट्टीच्याच दिवशी का मोजायची?"

हिवाळी पाणपक्षी-गणनेत मी दोन वर्षांपासून स्वयंसेवक आहे. पक्ष्यांमधलं मला फार कळतं असं नाही. मला याद्यांमधलं कळतं. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा व्हिसा रिन्यू करायचा असो की आरतीला कुणी कोणता प्रसाद आणायचा ते ठरवायचं असो, लोक माझं दार वाजवतात. गणनेला माणसं हवी आहेत असा मेसेज आला तेव्हा मला त्यात पक्षी दिसलेच नाहीत, रकाने दिसले.

त्या सकाळी माझ्याकडे लॅमिनेट केलेला कामवाटपाचा तक्ता, तीन पेनं, आकडा पुढे सरकवणारा बटणाचा क्लिकर आणि नाव घातलेले पोळीचे रोल होते.

"आई, इट्स अ लेक. नॉट अ वेडिंग," मुलगी म्हणाली.

अप्पांना आणलं होतं त्याला कारण होतं. आई गेल्यानंतर ते डिसेंबरात आमच्याकडे आले आणि चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले. समोरच्या टॉवरचे एसी बघत. जेवण कसं झालं? ठीक. झोप लागली? ठीक. माझ्या यादीत 'अप्पांना बाहेर काढणे' हे काम पडदे धुण्याच्या खाली तीन आठवडे पडून होतं. टीमलीडरबाईंनी एकदाच पाहुणा म्हणून आणायची परवानगी दिली आणि मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे लिहिलं: थर्मास सांभाळणे.

लाकडी आडोशाच्या फटींतून आम्ही बघत होतो. पाण्यावर बहुतेक थापट्या होत्या, चमच्यासारखी चपटी चोच असलेली बदकं. मधूनच लांब शेपटीची तलवार बदकं. मी डावीकडून उजवीकडे क्लिक, क्लिक, क्लिक चालवलं. शेजारी अप्पांनी हात लांब केला, मूठ वळली, एक डोळा मिटला आणि मूठ हवेत हळूहळू सरकवत नेली. मला वाटलं, खांदा आखडला असेल.

"दोनशे साठ," ते म्हणाले.

"काय दोनशे साठ?"

"बदकं. पाच-दहा इकडं तिकडं."

"अप्पा, तुम्ही थर्मास बघा. माझी मोजणी चालू आहे."

"चालू दे की. पण तुझी ती बदकं बेटाच्या मागनं फिरून परत येतायत. मघाचीच आहेत ती."

मी दुर्लक्ष केलं. शास्त्रशुद्ध काम चाललेलं असताना घरातल्या मोठ्यांचं करतात तसंच. शेवटी माझा आकडा आला चारशे बारा, आणि मी तो पेनाने लिहिला, पेन्सिलीने नाही.

टीमलीडरबाई फोटो काढतात आणि गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून एकेका बदकावर ठिपका देतात. त्यांचा आकडा आला दोनशे अडुसष्ट. त्यांनी माझा कागद पाहिला आणि वर्गातल्या मुलांना राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आपकी कुछ बत्तखों ने दो-दो बार हाज़िरी लगाई है।"

मुलगी आडोशाला टेकून हसत होती. बदकं बेटाला प्रदक्षिणा घालत होती आणि मी दर फेरीला त्यांना नव्याने प्रवेश देत होते.

"और अंकल, ये मुट्ठीवाला तरीका कहाँ सीखा?"

अप्पांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले. "इरिगेशन डिपार्टमेंट में थे। गिनती का ही काम था।"

पहिलं वाक्य खरं होतं. अप्पा पाटबंधारे खात्यातच होते, तालुक्याच्या तलावावर. पण मूठ ते शिकले रविवारी, बारा बोअरची बंदूक घेऊन. एका मुठीमागे किती बदकं झाकली जातात ते मोजायचं, मग अशा मुठी किती होतात ते. माझी दहावी होईपर्यंत ते हिवाळ्यात परवान्यावर बदकं मारत. माणशी किती मारायची ते ठरलेलं असे, आणि परवाना असलेला कुणीही त्या सरकारी तलावावर येई. पुढे कायदा बदलला, तलाव अभयारण्य झाला, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. अप्पा त्यानंतर त्या तलावावर कधी गेले नाहीत.

निघताना बाई म्हणाल्या, फेब्रुवारीची गणना या मोसमातली शेवटची. अंकलना घेऊन याच, पण पाहुणा एकदाच चालतो, आता रीतसर नोंदणी हवी. "अगले गुरुवार तक फॉर्म भर दो, खलास। यल्ला, बाय."

गाडीत अप्पा वेगाच्या मीटरवर लक्ष ठेवून बसले होते. औद्योगिक वसाहत मागे पडल्यावर म्हणाले, "खोटं कशाला सांगितलंस?"

"पक्षी वाचवणाऱ्या बाईला सांगू, माझे वडील पक्षी मारायचे?"

"चोरून नाही मारले. आणि मारायच्या आधी मोजायचोच. किती आहेत ते माहीत नसेल, तर किती घ्यायची ते काय कळणार?"

"व्हॉट डिड आजोबा शूट?" मागून प्रश्न आला. मुलीने कानातले इअरफोन काढलेले मी आठवड्यात प्रथमच पाहिले.

त्या दिवसापासून खुर्ची खिडकीपासून हलली. अप्पा नातीच्या टॅबवर बदकांचे फोटो बघतात. ती म्हणते, "शॉव्हेलर, आजोबा." ते म्हणतात, "थापट्या म्हण." माझी दुर्बीण ते रोज जुन्या बनियनने पुसतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान आहे आणि गणना त्याच्या आधीच्या शनिवारी. रोज सकाळी चहाबरोबर एकच चौकशी: "झाला का माझा फॉर्म?"

फॉर्ममध्ये एकोणीस प्रश्न आहेत. अठरा मी सहा मिनिटांत भरले. सतरावा असा: पक्ष्यांच्या शिकारीत कधी सहभाग होता का? असल्यास तपशील द्या.

मी अप्पांना सांगितलं, 'नाही' लिहून टाकते, कोण बघायला येतंय.

"खरं लिही."

"खरं लिहिलं आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. पण खोटं सांगून मी तिथं बसणार नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुझ्या फॉर्मात काय लिहिलंयस?"

"नाही असं. मी कुठे बंदूक चालवली?"

"आणि वही कोण लिहायचं?"

वही मी लिहायचे. आठ वर्षांची असल्यापासून. रविवारी दुपारी पडवीत पोतं अंथरलं जाई, अप्पा एकेक बदक ठेवत, आणि मी रेघा आखलेल्या वहीत लिहीत असे: थापट्या तीन, तलवार एक, काडतुसं सात. एकदा काडतुसांचा हिशेब जुळेना म्हणून मी अप्पांच्या मित्राला उठून खिसे उलटे करायला लावले होते. याद्यांचं माझं सगळं शिक्षण त्या पोत्याशी झालं आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मी विचार न करता 'नाही'वर टिक करून मोकळी झाले.

तेव्हा आता बाईंना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. अप्पांकडे परवाना होता. गिनतीच्या नोकरीचं मी सांगितलं ते खोटं होतं. आणि माझा स्वतःचा फॉर्म दुरुस्त करायचा आहे. हे ईमेलमध्ये तीन वेळा मुद्दे पाडून लिहिलं. वाचायला ते इतकं नीटनेटकं वाटलं की माझाच त्यावर विश्वास बसेना. हे फोनवरच सांगायला हवं.

बाईंची मधली सुट्टी दहा चाळीसला होते, वीस मिनिटांची. सोमवारी ऑफिसची मीटिंग होती. मंगळवारी मी नंबर लावला आणि रिंग वाजण्याआधी कापला. अप्पांना सांगितलं, सिस्टिम स्लो आहे.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

आज बुधवार, फॉर्मची मुदत उद्यापर्यंत. अकरा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. सतरावा रकाना कोरा आहे. फोन करायचा राहिला आहे.