भाग्यलक्ष्मीचं चालणं

माझी बायको चालण्याच्या शर्यतीत भाग घेते असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, चालण्यात कसली आलीय शर्यत? पूर्वी मी समजावत बसायचो. आता म्हणतो, एकदा तिच्याबरोबर तळ्याच्या बांधावर जाऊन या, मग बोलू. एक जण गेला होता. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

नियम तसे दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत गुडघ्यात सरळ हवा. गुडघा वाकायला लागला की पंच पिवळी पाटी दाखवतात. तरी वाकला तर लाल कार्ड. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की तुम्ही बाहेर. आता असं सरळ पायानं भरभर चालायचं तर कंबर हलवावीच लागते, त्याला इलाज नाही. आणि आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या कंबरेवरूनच झालेली आहेत.

भाग्यलक्ष्मी निपाणीची. शाळेत असताना जिल्हा स्पर्धेपर्यंत चालून आलेली. मग लग्न, इकडे कन्नड मुलखात होसकोटेला भाड्याची खोली, दोन मुलं, आणि इथल्याच कारखान्यात पॅकिंगचं काम. दिवसभर उभ्यानं. धाकटा हायस्कुलात गेला तेव्हा एका पहाटे ती उठली, जुने बूट शोधले आणि तळ्याकडे निघून गेली. मला वाटलं वजन कमी करायचं असेल. मी तसं म्हणालोही, आणि दोन दिवस मला डब्यात भाजी मिळाली नाही.

आमच्या आईला, विठाबाईला, हे अजिबात पटलं नाही. भाग्या तिला आत्या म्हणते. माझे वडील पैलवान होते. त्यांच्या तालमीतली पोरं आईच्या हातची भाकरी खायची, पण तिच्याकडे मान वर करून बघायची नाहीत. अशा घरात राहिलेल्या बाईला सून टी-शर्ट घालून, कंबर हलवत, गल्लीतून जाताना बघणं जड गेलं. आई भांडली नाही. भाग्या सरावाला निघाली की ती फक्त रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची. भाग्याला ती खिडकी शिवीसारखी लागायची, हे मला ठाऊक होतं. मी दोघींच्या मधे पडलो नाही, कारण मधे पडलेल्याला दोन्हीकडून बसतं.

यंदा ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेसाठी तिनं नाव दिलं. चाळिशीच्या पुढच्या बायकांचा गट. पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. आणि स्पर्धेच्या थोडे दिवस आधी सरावात तिच्या डाव्या मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, चमक भरली. डॉक्टर म्हणाले, स्नायू थोडा फाटलाय. बर्फ लावायचा, चोळायचं नाही, शेकायचं नाही, आणि शर्यत विसरायची. पूर्ण फाटला तर ऑपरेशन करावं लागेल, मग उभ्याचं काम कितीतरी महिने विसरा. भाग्या त्यांना कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली. मी निश्चिंत झालो. बसमध्ये बसल्यावर खिडकीबाहेर बघत ती म्हणाली की ती उतरणार आहे.

मी चिडलो. पुढच्या वर्षी उतर म्हणालो.

"पुढच्या वर्षी पोरीची बारावी," ती म्हणाली. "मग आत्यांचा डोळा, मग तुमचं काहीतरी. माझं पुढचं वर्ष कधी येतच नाही हो."

 तेव्हापासून ती जिना उतरताना मी मागून तिच्या पायाकडे बघायचो. ती स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवायची तरी मी उठून उभा राहायचो. मशीनवर काम करताना डोळ्यांपुढे एकच गोष्ट यायची, ती मैदानात पडलीय आणि मी कुंपणाच्या अलीकडे आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी शिफ्ट संपवून घरी आलो. दार उघडंच होतं. आई जमिनीवर बसली होती, शेजारी गरम तेलाची वाटी, आणि भाग्याचा डावा पाय आईच्या मांडीवर. वडिलांच्या मांड्या जशी रगडायची तशी आई दोन्ही अंगठ्यांनी तीच जागा रगडत होती. जीव लावून. शीर आखडलीय, मोकळी केली की सकाळी हरणासारखी पळशील, असं काहीतरी पुटपुटत होती. भाग्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि ओढणीचं टोक दातात. मी ओरडणार तेवढ्यात तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून खूण केली.

आई देवळात गेल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. डॉक्टरनं काय सांगितलंय ते आईला सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. ती पायावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. जागा सुजली होती.

"सराव सुरू केल्यापासून आत्यांनी माझ्या चालण्याकडे एकदा बघितलं नाही," ती म्हणाली. "आज आपणहून तेल तापवून आल्या. उद्या येतो म्हणाल्यात बघायला. त्यांना नको कसं म्हणू?"

मग माझ्याकडून वचन घेतलं की आईला यातलं काही कळता कामा नये. दोघींवर राग काढून उपयोग नव्हता, म्हणून मी तो स्वतःवरच काढला आणि रात्री जेवलो नाही.

सकाळी आई नवं लुगडं नेसून तयार. स्टेडियममध्ये तिला सावलीत, अंतिम रेषेजवळ बसवलं. समोरच तो फळा होता, ज्यावर चालणारीच्या नंबरापुढे लाल ठिपके लावतात. शिट्टी झाली आणि बायका निघाल्या. मी भाग्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, फक्त डाव्या गुडघ्याकडे.

ती तिसरी होती. तिच्या मागे शहरातल्या एचएसआर लेआउटमधली प्रांजली, मराठीच, हसतमुख बाई, सुरुवातीला तिनं भाग्याला नमस्कारही केला होता. भाग्याचं चालणं मात्र मला ओळखू येईना. कंबर लाकडासारखी ताठ, म्हणून पाऊल आखूड, म्हणून सगळा ओढा त्या दुखऱ्या मांडीवर, आणि मांडी दुखली की गुडघा वाकतोय. पंचानं पिवळी पाटी दाखवली. थोड्या वेळानं फळ्यावर तिच्या नंबरापुढे लाल ठिपका आला. 

मला आधी वाटलं, दुखण्यामुळेच ती अशी चालतेय. मग लक्षात आलं की मैदानाच्या पलीकडच्या बाजूला तिची कंबर हलतेय. वळण घेऊन आमच्या बाजूला आली की पुन्हा ताठ. आई बसलेली दिसायला लागली की ताठ. आयुष्यात पहिल्यांदा सासू बघायला आलीय, आणि ही तिच्यासमोर मर्यादेनं चालत होती. मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दुसरा ठिपका लागला.

आता एक चूक आणि सगळं संपलं असतं. त्याहून वाईट म्हणजे ती तशीच रेटत राहिली तर पाय गेला असता. मी आईला भराभर सांगितलं, कंबर वळली तरच पाय सरळ राहतो, न वळवता चालली तर मांडी फाटेल, आणि ती तुझ्यासमोर कंबर हलवत नाहीये. तेलाचं मी बोललो नाही.

 आई लुगडं सावरून उठली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. भाग्या वळणावरून येत होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर खाली.

"भाग्या," आईनं हाक मारली. तालमीच्या अंगणात पोरांना जेवायला बोलवायची तोच आवाज. "कंबर हलव की गं. बघूदेत कोण बघालंय ते."

आजूबाजूच्या लोकांना मराठी कळत नव्हतं म्हणून बरं. भाग्यानं एकदाच वर बघितलं. पुढच्या चार पावलांत तिची कंबर सुटली, पाऊल लांब पडलं, गुडघा सरळ. आई कठड्यावर हात ठेवून प्रत्येक फेरीला तेच ओरडत होती आणि मी फळ्याकडे बघत होतो. दुखत तर होतंच. डावा पाय टेकला की तिचा डावा खांदा वर यायचा आणि गालावरून घाम नाही, पाणी येत होतं. पण कुठल्याच पंचानं पाटी उचलली नाही. प्रांजली शेवटच्या वळणावर अगदी जवळ आली, पण भाग्या तिच्या आधी रेषेपलीकडे गेली आणि तिथेच गवतावर बसली. पुढे चालता येईना.

मैदानावरच्या फिजिओनं पाय दाबून बघितला. पूर्ण फाटलेला वाटत नाही, म्हणाला, पण स्कॅन केल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर हात लावू नका. हे त्यानं कन्नडमध्ये हळू आवाजात मला सांगितलं. आई तेव्हा प्रांजलीच्या नवऱ्याला सांगत होती की काल दुपारी तिनं शीर मोकळी केली नसती तर आज काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर भाग्याला भिंतीला टेकवून बसवलं, पायांवर चादर टाकली. डाव्या मांडीखाली मी बर्फाची पिशवी सरकवली होती. आई आत गेली ती तेलाची वाटी तापवूनच बाहेर आली. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत रोज चोळून देणार, असं तिनं जाहीर केलं आणि भाग्याच्या पायाशी बसली. मी वचन मोडायचं ठरवलं. तोंड उघडलंही.

"आत्या, तो पाय बरा झाला कालच्या तेलानं," भाग्या म्हणाली. "आता हा दुखालाय."

आणि तिनं चादरीखालून उजवा, धडधाकट पाय काढून आईच्या मांडीवर ठेवला.