कपाळाला लावलेलं रिव्हॉल्व्हर

दसऱ्याला शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासानं इथली, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळची शूटिंग रेंज आठवते. शेजारी चोरी झाली म्हणून ह्यांनी गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीतून, जुनं रिव्हॉल्व्हर स्वस्तात आणलं होतं. ते चालतंय का बघायला आम्ही गेलो. गोळ्या भरल्या आणि घरात नवी आलेली वस्तू म्हणून ह्यांनी ते सवयीनं कपाळाला लावलं.

रेंजवाल्यानं झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"अहो, भरलंय ते," मी म्हणाले.

"नमस्कार करत होतो गं," हे म्हणाले. घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

नोकरी सुटल्यापासून हे गप्प असतात, ताटात अर्धं टाकतात. आज म्हणाले, "ते रिव्हॉल्व्हर काढ, पूजेत ठेवू."

खोटं बोलायची सवय नाही मला.

"कपाटाची किल्ली सापडत नाहीये," मी म्हणाले. किल्ली माझ्या मुठीत होती.