सोमवारचा उपास

नागपूरला विद्यापीठात शिकत होते तेव्हा, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, मला ट्रेनिंगसाठी चंद्रपूरबाहेरचा एक कौलांचा कारखाना मिळाला. माझे वडील तिथेच भट्टीवर कामाला होते. पोरगी साहेबाच्या प्रयोगशाळेत माती तपासणार, हे त्यांचं वस्तीभर सांगून झालं होतं. शेवटी साहेबांनी चांगला दाखला दिला नाही तर माझं वर्ष वाया जाणार होतं.

पण कारखान्यात बायकांसाठी संडासच नव्हता. माती वाहणाऱ्या बाया जोडीनं ढिगाऱ्यामागे जायच्या. एक बसायची, दुसरी पाठ करून उभी राहायची. मलाही बोलवायच्या, ‘‘चाल वो पोरी, लाजतं काऊन?’’ मी मान हलवायचे. शिकलेली ना मी! त्यापेक्षा मी पाणी पिणंच सोडलं. चंद्रपूरचा मे महिना, भट्टीची धग आणि मी दिवसभर कोरडी. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

एका सोमवारी चक्कर येऊन साहेबांसमोरच पडले. डोळे उघडले तर भोवती ही गर्दी!

‘‘काय झालं? काही खाल्लं नाही का?’’ साहेबांनी विचारलं.

एवढ्या पुरुषांत खरं काय सांगू? तोंडातून निघून गेलं, ‘‘उपास आहे, सोमवारचा.’’

साहेब खूश. ‘‘बघा, एवढी शिकूनही धर्म पाळते!’’ दाखल्याची काळजी तिथेच मिटली.

गर्दीत वडील उभे होते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. तेव्हापासून आमच्याकडे कुणी उपासतापास केला नव्हता. वडील भट्टीकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत राहिले. वस्ती जवळ आली तसे म्हणाले, ‘‘साहेबाले आवडावं म्हनून केला का बाई उपास? आपन कमी हाओ, असं वाटते का तुले?’’

मला रडूच फुटलं. ‘‘उपास नोहता बाबा. तिथी बायाइले जायाले जागाच नाई. म्हनून मी पानी नाई पेत.’’

वडील थांबले.

‘‘मंग त्या माती वाहनाऱ्या बाया कुठी जातेत?’’

त्यांनी वाहिलेल्या मातीची कौलं वडील उमरभर भाजत आले होते, आणि हे ते मला विचारत होते.