झाकणावरचं नाव

दमयंतीबाईंनी तीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. पुण्यात रविवार पेठेत, दुकानाच्या पायरीवर बसून. एक हातोडी, एक पोलादी खिळा, ठिपक्याला ठिपका. पुढं नावं घालायची विजेची पेन्सिल आली. "ती ओरखडते. नाव घालत नाही," असं म्हणून बाईंनी तिला हात लावला नाही. डोळे थकले तेव्हा काम सोडलं आणि लेकीकडे, चैत्रालीकडे, सिंगापूरला सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या.

इथं त्यांची ओळख एकच. चैत्रालीची आई. लिफ्टमध्ये तेच, भाजी घेताना तेच. दुसऱ्यांची हजारो नावं घातलेल्या बाईला ते खुपायचं.

म्हणून चैत्रालीनं मातृकुळ मंडळाचं सांगितलं तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. मंडळ मराठी बायकांचं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कम्युनिटी क्लबच्या खोलीत जमायचं. मंडळाची एक जाड वही होती आणि तिच्यात प्रत्येकीला स्वतंत्र पान. पानावर नवऱ्याचं नाव नाही, मुलांचंही नाही. बाईचं स्वतःचं, तिच्या आईचं, आजीचं आणि पणजीचं. आईच्या बाजूनं चार पायऱ्या, आणि नावं माहेरची. चार नावं उभं राहून सांगायची, मग पान मिळणार.

दमयंतीबाई पहिल्याच बैठकीत उभ्या राहिल्या.

"मी दमयंती. माझं लग्नात बदललं नाही. आई अनसूया, माहेरची ठकू. तिची आई पार्वती, माहेरची गोदू. तिची आई लक्ष्मी."

वही सांभाळणारी स्मिता रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. तिनं पेन उचललं. "आणि लक्ष्मी माहेरची कोण, मावशी?"

बाई थांबल्या. पणजीला सगळे लक्ष्मीच म्हणत. ते सासरी ठेवलेलं नाव, हे त्यांना आत्ता लक्षात आलं.

"ठाऊक नाही."

"चालेल हो. लक्ष्मीच लिहिते."

"चालेल कसं? नियम कुणी केला?"

"आम्हीच."

"मग मोडता कशाला? माझ्यासाठी मुळीच मोडू नका. पुढच्या महिन्यात येते."

घरी जाताना चैत्राली कुरकुरली. "आई, ती लिहीत होती ना!"

"अर्धं नाव घालून मी कधी भांडं परत दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सासवडला मनोहरला फोन लावला. मनोहर मामेभाऊ. त्याच्या आजीची आई तीच ती पणजी.

"पणजीचं माहेरचं नाव काय रे?"

"बाईचं माहेरचं नाव कोण ध्यानात ठेवतं, अक्का? आपल्या आजोबांच्या सात पिढ्या सांगू का? बाळोबा, त्याचा राणोबा, त्याचा..."

"सातही पुरुष आकाशातून पडले का रे? आया नव्हत्या त्यांना?"

मनोहर हसला. "एवढा राग नको. पणजीचा पितळी डबा तुझ्याकडेच आहे ना? लग्नात तिच्या मामानं दिलेला. त्याच्या झाकणावर तिचं माहेरचं नाव होतं म्हणतात."

बाईंनी फोन ठेवला आणि ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. झाकण आरशासारखं चकाकत होतं. नावाचा मागमूस नव्हता. आईकडून डबा आला तेव्हा झाकणावर काही पुसट ठिपके होते. त्या वेळी त्यांना ते डाग वाटले होते. चाळीस वर्षं चिंच आणि मीठ लावून, दर शनिवारी, न चुकता, त्यांनीच ते घासून काढले होते. नावं घालून पोट भरलं आणि पणजीचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

"आजी, तू सॅड आहेस," नात गार्गी म्हणाली. दहा वर्षांची पोर, शाळा इंग्रजी.

"सॅड नाही. मूर्ख आहे."

पुढच्या महिन्याचा तिसरा रविवार आला. बैठक दुपारी. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बाईंनी बेसनाचे लाडू वळले आणि ते न्यायला डबा घासायला घेतला. नाव गेलं तर गेलं, डबा मळका नेणार नाही. झाकण वरून घासलं, धुतलं. आतून कधीच घासत नसत, नुसतं फडकं फिरवत. आईची शिकवण. आतलं कोण बघतंय?

फडकं अडकलं. एरवीही अडकायचं, पण आज बाईंचा हात तिथंच थांबला.

बाईंनी बोट फिरवलं. खरखर. पुन्हा फिरवलं. ओळीनं उंचवटे.

उमेदवारीत त्यांच्या उस्तादांनी एकच गोष्ट शंभरदा बजावली होती. ठोका मोजून द्यायचा. जास्त बसला तर ठिपका आतून उमटतो, आणि आतून उमटलं की काम रानटी. असं भांडं उस्ताद भिरकावून देत.

"गार्गी! कागद आण. पातळ. आणि पेन्सिल."

"व्हाय?"

"आण आधी!"

झाकण पालथं ठेवलं, आतल्या बाजूवर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासली. उंचवट्यांवर काळं चढलं. अक्षरं आली, पण उलटी. बाईंनी कागद पालटून खिडकीच्या काचेला लावला. मागं ऊन होतं, खालून एलआरटीची छोटी गाडी चालली होती.

गार्गीनं अक्षर अक्षर लावलं. "सा... ळू. साळू! आजी, हू इज साळू?"

"माझी पणजी."

"क्यूट नेम, लाह!" गार्गी सिंगापुरी ढंगात म्हणाली.

बाईंना त्या अनोळखी कारागिराचं हसू आलं. हातोडी धरायची अक्कल नाही, हत्तीसारखे ठोके. उस्तादांनी त्याला पायरीवरून हाकललं असतं. बाईंनी त्याला मनोमन हात जोडले.

दुपारी त्या खोलीत उभ्या राहिल्या. "दमयंती. तिची आई ठकू. तिची आई गोदू. तिची आई साळू." आवाज जरा मोठाच लागला. कागद सगळ्यांच्या हातांतून फिरला. स्मितानं पान लिहिलं आणि नारळ, खण, तांदूळ घेऊन पुढं आली.

बाई मागं सरकल्या. "मला कुठं ओटी? माझे मालक जाऊन अकरा वर्षं झाली."

"इथं मालक विचारत नाहीत, मावशी. पदर धरा."

"तांदूळ सांडतील."

"मग नीट धरा. तुम्हाला नीट काम आवडतं ना?"

खोली हसली. बाईंनी पदर धरला. एक दाणा सांडला नाही.

लाडू संपले. रिकाम्या डब्याचं झाकण बाईंनी खाली फरशीवर, जाड फळकुटावर ठेवलं. पिशवीतून हातोडी आणि खिळा काढला. बायका भोवती वाकल्या. ठक, ठक, ठक. साळूच्या शेजारी दमयंती. ठिपक्याला ठिपका. हात अजून सरळ होता, पण ठोका जड पडत होता.

"आई, हळू!" चैत्राली म्हणाली. "आतून उमटेल ना! तूच सांगतेस, रानटी काम म्हणून."

"उमटू दे."

आणि त्यांनी पुढचा ठोका आणखी जोरात दिला.